व्हर्च्युअल स्विचच्या सॉफ्टवेअरला ऑटोमेटेड टेस्ट जोडायच्या आहेत, सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुमचा स्विच (व्हर्च्युअल मशीन्सना, म्हणजे व्हीएम्सना, नेटवर्कने जोडणारं सॉफ्टवेअर) म्हणजे ओपन व्ही-स्विचचा (ओव्हीएस) कोड घेऊन कंपनीने बदललेला फोर्क, म्हणजे स्वतःची आवृत्ती आहे, टेस्टिंग सगळं लॅबमध्ये हाताने चालतं, आणि आता ऑटोमेशनसाठी टेस्ट चालवणारं कुठलं टूल, पायटेस्ट घ्यावं की रोबोट फ्रेमवर्क, हे ठरत नाहीये. कुठलंही घ्या. खरं तर इतक्यात काहीच घेऊ नका. ओव्हीएसच्या कोडबरोबरच ग्नू ऑटोटेस्ट या टूलमध्ये लिहिलेल्या ढीगभर टेस्ट येतात. तुमच्या फोर्कवर 'मेक चेक' (त्या टेस्ट चालवणारी कमांड) शेवटचं कोणी आणि कधी चालवलं, ते आधी शोधा. आमच्याकडे ती पायरी बिल्डमधून केव्हाच काढून टाकली होती. कारण काय, तर ती फेल व्हायची!

हा प्रश्न दिसल्यावर मला राहवलं नाही, कारण हिंजवडीतल्या एका कंपनीत याच विषयावर मी भरपूर भांडले आहे. आमच्या आर्किटेक्ट सरांचं ठाम मत होतं की डमी डेटापाथवरची टेस्ट म्हणजे लुटुपुटूची लढाई. (डेटापाथ म्हणजे पॅकेट प्रत्यक्ष पुढे ढकलणारा थर, डमी म्हणजे त्याची नक्कल.) कर्नल नाही, कार्ड नाही, पॅकेट म्हणजे कमांडला दिलेली हेक्सची ओळ. त्यात काय सिद्ध होणार? लॅबमध्ये महागडा ट्रॅफिक जनरेटर होता, त्यावर आरएफसी 2544 या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे थ्रूपुट (सेकंदाला किती ट्रॅफिक पार होतं ते) मोजलं जायचं, आकडे चांगले आले की रिलीज.

मग एका ग्राहकाची तक्रार आली. त्यांच्या एका व्हीएमवर बाकीची व्हीएम्स लॉग पाठवायची, आणि त्याच व्हीलॅनमधल्या (आभासी नेटवर्कमधल्या) तिसऱ्याच व्हीएमवर टीसीपीडंप (येणारी पॅकेट्स दाखवणारं टूल) लावला की ते लॉग तिथेही दिसायचे. म्हणजे स्विच फ्लड करत होता, एका पोर्टचं पॅकेट सगळ्या पोर्टांवर सोडत होता. कधी करायचा, कधी नाही. लॅबमध्ये काही केल्या दिसेना. सरांचं म्हणणं, ग्राहकाचं कॉन्फिगरेशन चुकलंय.

कारण असं होतं: कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टवर आहे हे स्विच मॅक टेबलमध्ये लिहून ठेवतो, आणि नोंद नसली की फ्लड करतो. ही नोंद डिफॉल्टने 300 सेकंदांनी मरते. त्या मॅकवरून पॅकेट आलं की वय पुन्हा शून्य. पण पहिल्या पॅकेटनंतर फ्लो (अशा पॅकेट्सचं काय करायचं तो निर्णय) डेटापाथच्या कॅशमध्ये बसतो, पुढची पॅकेट्स वर व्ही-स्विचडीपर्यंत, म्हणजे निर्णय घेणाऱ्या मुख्य प्रोग्रामपर्यंत येतच नाहीत. मग वय शून्य कोण करणार? व्ही-स्विचडीतला रिव्हॅलिडेटर नावाचा भाग, फ्लोमधून किती पॅकेट्स गेली ते आकडे वाचून. आमच्याकडे कोणीतरी सीपीयू वाचवायला नेमकी हीच पायरी गाळली होती. गंमत बघा: जे व्हीएम दहा सेकंद गप्प बसतं त्याचा फ्लो कॅशमधून निघून जातो, त्याचं पुढचं पॅकेट वर येतं आणि नोंद ताजी होते. जे दर पाच सेकंदांनी कीपअलाइव्ह ('मी आहे' सांगणारं पॅकेट) पाठवतं, नेमकं त्यालाच स्विच विसरतो. लॉग गोळा करणारं व्हीएम तेच करत होतं.

मी टेस्ट लिहिली, जेमतेम पानभराची. तीन पोर्टचा ब्रिज. 'टाइम/स्टॉप'ने घड्याळ थांबवलं. पहिल्या पोर्टवर पॅकेट सोडलं, 'टाइम/वॉर्प'ने पाच सेकंद पुढे ढकललं, पुन्हा तेच पॅकेट, असं 300 ओलांडेपर्यंत. मग दुसऱ्या पोर्टवरून त्याच मॅककडे 'ऑफप्रोटो/ट्रेस' (पॅकेट कुठे जाईल ते दाखवणारी कमांड). शेवटच्या ओळीत डेटापाथ अ‍ॅक्शन्स 1, म्हणजे फक्त पहिला पोर्ट, यायला हवं होतं, आलं 1,3, म्हणजे फ्लड. पाच मिनिटांचं म्हातारपण काही क्षणांत उरकलं, आणि तेही माझ्या लॅपटॉपवर, रूट परवानगीशिवाय.

सर म्हणाले, हे डमीचं वागणं असेल. अहो, मॅक लर्निंग आणि रिव्हॅलिडेटरचा कोड डमीसाठी वेगळा नसतोच, तोच असतो! डमी असतो तो खालचा थर. मग लॅबमध्ये का दिसत नव्हतं? कारण जनरेटरला दोनच पोर्ट जोडलेले होते. एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. दोन पोर्टांच्या स्विचवर फ्लड आणि फॉरवर्ड यांत फरक उरतोच कुठे? मी तिसरी केबल लावून दाखवली. सर काही बोलले नाहीत, पण पुढच्या रिलीजच्या डायग्राममध्ये तिसरा पोर्ट होता.

तेव्हा तुमचे लीड जर 'खऱ्या हार्डवेअरवर करा, बाकी सगळं खोटं' म्हणत असतील, तर त्यांचं ऐकू नका. स्विचमधला जास्त घोळ निर्णय घेणाऱ्या कोडमध्ये असतो, आणि तो तपासायला तार लागत नाही. आधी मेक चेक पुन्हा चालू करा. ज्या टेस्ट फेल होतात त्यांतल्या कितीतरी तुमच्याच बदलांनी मोडलेल्या निघतील. त्या टेस्ट 'स्किप' करून हिरवं दाखवायचा मोह होईल, अगदी नको. तसंच, टेस्ट संपताना ओव्हीएसचं स्टॉप मॅक्रो लॉगमध्ये वॉर्निंग सापडली तरी टेस्ट पाडतं. अपेक्षित असलेली तेवढी एक ओळ गाळता येते, पण लोक सरसकट सगळ्या वॉर्निंग गाळतात आणि मग टेस्ट पास होते म्हणून नाचतात. टेस्टमध्ये 'स्लीप' (ठरावीक सेकंद नुसतं थांबणं) लिहिणाऱ्याला रिव्ह्यूतच परत पाठवा, त्यासाठी अट पूर्ण होईपर्यंतच थांबणारं 'ओव्हीएस वेट अंटिल' आहे. आणि बग दुरुस्त करणाऱ्यानेच, त्याच पॅचमध्ये टेस्ट द्यायची. क्यूए नंतर लिहील हे चालायचं नाही. आमच्याकडे तो 'नंतर' कधी आलाच नाही.

आता डमीने काय कळत नाही तेही सांगते, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी धरेलच. कनेक्शन ट्रॅकिंग (चालू कनेक्शन्सची नोंद ठेवणं) आणि टनेल खऱ्या कर्नलवर तपासायला 'चेक-कर्नल' आहे; ते नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनवरची वेगवेगळी नेटवर्क्स) आणि वेथ जोड्या (त्यांना जोडणाऱ्या आभासी केबल्स) बनवतं, रूट मागतं, त्यामुळे फेकून देता येईल अशा व्हीएममध्येच चालवा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही. डीपीडीके (कर्नल टाळून पॅकेट हाताळणारी लायब्ररी) वापरत असाल तर 'चेक-डीपीडीके' वेगळं आहे. हार्डवेअर ऑफलोड (पॅकेटचं काम नेटवर्क कार्डावर सोपवणं) आणि थ्रूपुटला मात्र लॅबच लागते, तिथे सरांचं बरोबर होतं. तो जनरेटर रोज रात्री आपोआप चालवायला पायटेस्ट घ्या. आमच्याकडे तेच चालतं आणि नवीन मुलांना लवकर जमतं.