मावशींना मी कामाचं सांगू कशी?

दिव्यांग व्यक्तींशी बोलताना एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो. ज्या बाईच्या हातावर माझे उठणे, अंघोळ, जेवण, शौच सगळे अवलंबून आहे, तिला मी कामात काही चुकल्यास बोलू कशी? बोलले आणि ती सोडून गेली तर? पगार देणारी व्यक्तीच पगार घेणारीला घाबरते, हे बाहेरच्याला विचित्र वाटेल. पण ज्याला कुशीवर वळायलाही दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्यासाठी ही भीती अगदी खरी आहे. नाशिकमधील एका ताईंनी हा प्रश्न माझ्यापुढे ठेवला, त्यानंतर आम्ही जवळपास वर्षभर काम केले, ते येथे मांडत आहे. ताई आणि त्यांच्या मदतनीस मावशी, दोघींची संमती घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताईंचे वय ३६. अकरा वर्षांपूर्वी महामार्गावरील अपघातात त्यांच्या मानेच्या मणक्याला इजा झाली. खांदे आणि कोपरे हलतात, बोटांना मात्र पकड नाही. हाताला बांधलेल्या पट्टीत पेन अडकवून त्या संगणकाच्या कळा दाबतात आणि इंदिरानगरच्या घरातून सात-आठ दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रे व कामगारांची पगारपत्रके सांभाळतात. घरी अडुसष्ट वर्षांची आई असते, धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला आहे. मावशी चव्वेचाळीस वर्षांच्या. पेठ रोडला राहतात, निमाणीला बस बदलून सकाळी सातला येतात आणि संध्याकाळी सातला निघतात. तीन वर्षे हेच चालले होते.

एका सोमवारी मावशी आल्याच नाहीत आणि त्यांचा फोनही बंद होता. आईला एकटीने ताईंना उचलणे शक्य नव्हते. साडेदहाच्या सुमारास ताईंचे डोके ठणकू लागले, मानेवर आणि चेहऱ्यावर घाम फुटला. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्याही वर इजा झालेल्या व्यक्तींमध्ये मूत्राशय तुंबण्यासारख्या कारणाने रक्तदाब एकाएकी चढतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात आणि वेळीच लक्ष दिले नाही तर तो जिवावर बेतू शकतो. लघवीसाठी लावलेली कॅथेटरची नळी रात्री कुशीखाली दुमडली गेली होती. शेजारच्या काकूंनी ताईंच्या सांगण्यावरून त्यांना बसते केले, नळी सरळ केली आणि काही मिनिटांत ठणका उतरला. मावशी मंगळवारी सातला आल्या, रोजच्यासारख्या कामाला लागल्या आणि घरात कोणीच त्यांना काही बोलले नाही.

त्या आठवड्यात ताई मला भेटल्या. भावाचे म्हणणे होते, तिला काढून टाक, ब्युरोतून दुसरी बाई आण. आईचे म्हणणे होते, जाऊ दे, एवढी वर्षे घरच्यासारखी राहिली आहे. ताई म्हणाल्या, “मी काही बोलले तर ती जाईल, आणि नाही बोलले तर मी माझ्याच घरात पाहुणी आहे.”

भावाचा उपाय वाटतो तितका सोपा नव्हता. ब्युरोतून बाई मिळते, परंतु ताईंना पलंगावरून चाकांच्या खुर्चीत कसे घ्यायचे, त्वचेवर कुठे लालसर डाग दिसला की त्या जागेवरचा भार लगेच काढायचा, लघवीची पिशवी किती भरली की रिकामी करायची, हे नव्या बाईला शिकवायला कित्येक दिवस जातात आणि तोवर ताईंचे काम बंद राहते. शिवाय जी भीती या मावशींविषयी होती, तीच उद्या दुसऱ्या बाईविषयी उभी राहिली असती. म्हणून ‘ठेवायचे की काढायचे’ हा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि वेगळाच विचारला: मावशींना काम कोण सांगते?

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. दिवसाचे काम आई सांगत असे. पगार भाऊ पुण्याहून, सवडीप्रमाणे, मावशींच्या मुलाच्या खात्यावर पाठवत असे, कधी पाच तारखेला, कधी अठराला. रजा आईकडे मागायची, उचल भावाकडे मागायची, आणि ज्यांच्या शरीराची सगळी सेवा होत होती त्या ताईंना या दोन्ही गोष्टी नंतर कळत. पुढच्या भेटीत मावशी आल्या तेव्हा त्या सोमवारचा उलगडा झाला. त्यांच्या मुलीला डेंग्यू झाला होता. रविवारी निघताना त्यांनी आईला सांगितले होते, “उद्या माझा खाडा होईल.” आई रात्री दर दोन-तीन तासांनी उठून लेकीची कूस बदलतात, त्यांची झोप कधीच पुरी होत नाही, त्या विसरल्या. मावशींनी कळवले होते, पण ज्यांना कळायला हवे होते त्यांना कळले नव्हते.

माझ्या अनुभवात अशा बहुतेक तक्रारींच्या मुळाशी माणसाचा स्वभाव कमी आणि हा गोंधळ जास्त असतो. मदतनीस नेमका कोणाचा, हे घरात ठरलेले नसते. दिव्यांग व्यक्ती प्रौढ असते, कमावती असते, तरी तिचा मदतनीस घरच्यांचा नोकर होऊन राहतो, आणि मग मदतनीस बाई भांडीही घासते, आईला बाजारात नेते, पाहुण्यांचा चहा करते, आणि ताईंना अकरा वाजता बाथरूमला जायचे असते तेव्हा ती स्वयंपाकघरात असते.

‘घरच्यासारखी’ या शब्दाची मला फार धास्ती वाटते, हे मी त्या दिवशी ताईंना स्पष्ट सांगितले. शब्द प्रेमाने वापरला जातो, आईंनीही तो प्रेमानेच वापरला होता. पण घरच्या माणसाला पगारवाढ मागता येत नाही, आठवड्याची सुट्टी मागता येत नाही, आणि चुकले तर त्याला कामाच्या भाषेत सांगताही येत नाही. मग राग मनात साठतो आणि एक दिवस एकदम बाहेर पडतो, नाहीतर फोन बंद होतो.

मी ताईंना विचारले, “तुम्ही ज्या दुकानांची पगारपत्रके करता, तिथे पगार कधी होतो?” त्या लगेच म्हणाल्या, “पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायलाच हवा, मी मालकांना फोन करकरून सांगते.” आणि मग त्या स्वतःच थांबल्या. मालक म्हणून काय करायचे हे त्यांना पुरते ठाऊक होते. आपण स्वतः कोणाच्या मालक आहोत, हे मात्र कधी मनात आले नव्हते. अपघातानंतरच्या अकरा वर्षांत त्यांना सगळ्यांनी ‘जिची काळजी घ्यायची ती’ एवढ्याच जागेवर बसवले होते.

कायदा या बाबतीत ताईंच्या बाजूने बोलतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ५ मध्ये समाजात राहण्याचा हक्क सांगताना व्यक्तिगत साहाय्याचा उल्लेख आहे. कलम ३८ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या आणि जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तीला त्यासाठी अर्ज करता येतो. आणि कलम २४ मध्ये अशा व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे, मात्र सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. त्या मर्यादेमुळे ताईंच्या हाती यातून आजवर एक रुपयाही आलेला नाही. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाला दिव्यांग व्यक्तीच्या हातात थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. ती व्यक्ती आपला सहायक स्वतः निवडते आणि मग कायद्याने त्याची मालक होते, म्हणजे वर्षाला ५.६ आठवड्यांची पगारी रजा देणे आणि मालकाच्या दायित्वाचा विमा काढणे हेही तिच्यावर येते. ताई म्हणाल्या, “तिथे पैसे सरकार देते. आपल्याकडे?” त्यांचे म्हणणे रास्त होते, आणि हा भत्ता मिळावा म्हणून आपण सगळ्यांनी सतत अर्ज आणि पाठपुरावा करत राहिले पाहिजे असे मला मनापासून वाटते. परंतु माणूस स्वतः निवडणे, काम स्वतः सांगणे आणि पगार स्वतःच्या हाताने देणे यासाठी सरकारच्या भत्त्याची वाट पाहावी लागत नव्हती.

पहिला बदल पगाराचा झाला. भाऊ आपला वाटा ताईंच्या खात्यावर पाठवू लागले आणि ताई स्वतःची कमाई त्यात घालून ५ तारखेला थेट मावशींच्या नावच्या खात्यावर पगार जमा करू लागल्या. त्यासाठी मावशींचे बंद पडलेले खाते आधी सुरू करून घ्यावे लागले.

त्यानंतर करार लिहायला घेतला. ‘करार’ म्हटल्यावर मावशी घाबरल्या. कोर्टकचेरीचा कागद नको, म्हणाल्या. मी त्यांना सांगितले की हा कागद तुमच्यासाठीही आहे, यात तुम्हाला काय हवे ते आधी सांगा. बराच वेळ त्यांनी काही सांगितले नाही. मग खाली बघत त्या म्हणाल्या, “मला घरातलं संडास वापरू द्या.” बारा तासांच्या कामात तीन वर्षे त्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या, रखवालदारासाठीच्या शौचालयात जात होत्या. त्यांचा चहाचा कपही वेगळा होता. जिच्या हातांनी ताईंचे सगळे शौचाचे काम होत होते, तिला त्याच घरातले शौचालय बंद होते. ताईंना हे माहीत नव्हते, कारण त्या खुर्चीतून स्वयंपाकघरापर्यंत क्वचितच जात. त्या रडल्या. मलाही त्या क्षणी काही बोलता आले नाही.

मावशींची दुसरी मागणी पाठीची होती. ५८ किलोच्या व्यक्तीला दिवसातून चार-पाच वेळा एकटीने उचलून त्यांची कंबर धरली होती. फिजिओथेरपिस्ट घरी आले, त्यांनी पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये गुळगुळीत लाकडी फळी टाकून ताईंना सरकवत न्यायची पद्धत दोघींना शिकवली, आणि उचलायचे नाही, सरकवायचे, हे करारात लिहिले गेले. ताईंच्या बाजूने तीन गोष्टी आल्या. काम ताई सांगतील, घरातली इतर भांडी-धुणी मावशींच्या कामात नाहीत. खाडा असेल तर निरोप ताईंच्याच फोनवर द्यायचा, शक्यतो आदल्या रात्री. ताईंच्या अंगावरच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत. यावर मावशी म्हणाल्या की मग माझ्या नवऱ्याच्या गोष्टीही आईंनी शेजारी सांगू नयेत, आणि तेही लिहिले. आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी, आजारपणाच्या रजा, दिवाळीच्या रजेची तारीख आधी ठरवणे, उचल घेतली तर ती दरमहा किती वळती करायची आणि सोडायचे किंवा काढायचे असल्यास दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना, असा दीड पानांचा मजकूर झाला. तो मोठ्याने वाचून दाखवला, दोन प्रती केल्या आणि दोघींनी जवळ ठेवल्या. ताईंच्या एटीएम कार्डाचा पिन मावशींना माहीत होता, तो ताईंनी बदलला. अविश्वास म्हणून नव्हे. उद्या पैशांचा काही घोळ झाला तर संशय आपोआप मावशींवर जाऊ नये, म्हणून.

हिशेबाची सवय असल्याने पुढचे ताईंनी स्वतःच शोधले. मावशींची असंघटित कामगार म्हणून ई-श्रम पोर्टलवर नोंदणी झाली. अपघात विमा वर्षाला २० रुपये आणि जीवन विमा ४३६ रुपये, या पंतप्रधानांच्या नावाच्या दोन्ही योजना मावशींच्या बँक खात्याशी जोडल्या आणि हे ४५६ रुपये ताई भरू लागल्या. श्रमयोगी मानधन ही निवृत्तिवेतनाची योजना मात्र नोंदणीसाठी चाळिशीपर्यंतच खुली असल्याने हुकली, आणि त्याची ताईंना फार हळहळ वाटली.

तरीही त्या सोमवारची भीती उरली होती, कारण आजार काही करार पाळत नाही. त्यासाठी बदली बाई तयार करणे हाच मार्ग होता. मावशींच्याच ओळखीच्या एक बाई सुट्टीच्या दिवशी येऊ लागल्या. पहिले चार आठवडे मावशी तासभर येऊन त्यांना शिकवत आणि त्या तासाचे पैसे ताई वेगळे देत. कपाटावर मोठ्या अक्षरांत एक कागद लागला: डोके ठणकले, घाम आला तर आधी बसते करा, कपडे सैल करा, नळी आणि पिशवी तपासा, पाच-दहा मिनिटांत उतरले नाही तर रुग्णवाहिका. किल्लीची एक प्रत शेजारच्या काकूंकडे गेली.

सगळे सुरळीत झाले असे नाही. आईंना हा बदल जड गेला. आपले घर, आणि आपण कामवालीला सांगायचे नाही, हे त्यांना अपमानासारखे वाटले. त्यांच्याशी मी दोनदा स्वतंत्र बोलले. त्यांची खरी तक्रार रात्रीच्या जागरणाची होती, ती कोणी विचारलीच नव्हती. त्यानंतर बदली बाई आठवड्यातून दोन रात्री राहू लागल्या. संडासाच्या बाबतीत आईंनी महिनाभर धुसफूस केली. कप मात्र त्यांनीच एक दिवस न सांगता बदलला.

आठ महिन्यांनी, ज्याची ताईंना सर्वाधिक भीती होती तेच घडले. मावशींना घराजवळच्या एका रुग्णालयात आयाचे काम मिळाले, भविष्यनिर्वाह निधीसह. त्यांनी ताईंसमोर बसून एक महिन्याची सूचना दिली. ताईंनी मला फोन केला, आवाज कापत होता, पण त्यांनी ‘आता काय करू’ असे विचारले नाही. मावशींना द्यायचे अनुभवाचे प्रमाणपत्र त्यांनी लिहिले होते, ते मला वाचून दाखवायचे होते. त्यात फळीने सरकवणे, त्वचेची तपासणी, कॅथेटरची निगा अशी एकेक कामे नावानिशी लिहिली होती.

त्या महिन्यात बदली बाईंनी दिवसाची पाळी धरली आणि रात्रीसाठी ताईंनी तिघींच्या मुलाखती घेतल्या. मला बोलावले नव्हते. आई शेजारी बसल्या होत्या आणि, ताई सांगत होत्या, तिघींनाही चहा त्यांनी घरातल्याच कपांतून दिला.