लॅटिन येत नाही, तरी ग्रीस-रोमचा इतिहास?

प्रश्न : बारावीनंतर केंब्रिजला प्राचीन ग्रीस-रोमचा इतिहास शिकायचा आहे. शाळेत फक्त संस्कृत होतं. लॅटिनवाचून अडेल का?

उत्तर : नाही. तिथल्या 'क्लासिक्स' (ग्रीक-लॅटिन भाषा, साहित्य, इतिहास) पदवीचे दोन मार्ग आहेत : लॅटिन शिकून आलेल्यांना ३ वर्षांचा, इतरांना ४ वर्षांचा. जादा वर्ष मुख्यतः लॅटिनचं. संस्कृतचा खरा उपयोग ग्रीकला होतो. विभक्ती, द्विवचन ओळखीचं वाटतं. मुलं अडतात क्रियापदांच्या रूपांवर, कारण पाठांतर साचू देतात. रोज अर्धा तास द्याच.

निबंधात प्राचीन ग्रंथाचा संदर्भ देताना पानाचा आकडा देऊ नका, खंड-प्रकरणाचा द्या. आवृत्तीगणिक पानं बदलतात. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस, २.४७ म्हणजे दुसरा खंड, सत्तेचाळिसावं प्रकरण. अथेन्समधल्या रोगाच्या साथीची हकिगत तिथून सुरू होते. भाषांतरात का होईना, ती आत्ताच वाचायला घ्या.