४२९४९६७२९७ मूळ संख्या का नाही?

तुम्ही म्हणता, ४२९४९६७२९७ ला १०० पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही आणि पाया २ घेतला तर गणितज्ञ फर्माच्या चाचणीतही (N मूळ असेल, तर तिने भाग न जाणाऱ्या पायाच्या N−१ व्या घाताला N ने भागल्यावर बाकी १ यायलाच हवी) ती पास होते, मग तिला मूळ का म्हणायचं नाही? कारण ती ६४१ × ६७००४१७ आहे.

मोठी संख्या दिसली की लगेच भागाकार करत सुटू नका, आधी तिची घडण बघा. ही बरोबर २^३२ + १ आहे, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, (शून्यापासून मोजलं तर) पाचवी फर्मा संख्या. n वी फर्मा संख्या म्हणजे २ चा २^n वा घात अधिक १. तिचा कोणताही मूळ अवयव घ्या. त्याने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ येणार, २^६४ ची १, आणि त्याआधी कुठेच १ येणार नाही. पण अवयव p मूळ असल्याने २^(p−१) ची बाकीही १ येते, त्यामुळे त्या अवयवातून १ वजा केला की उरलेल्याला ६४ ने भाग जायलाच हवा. लुकास या गणितज्ञाने पुढे हे ६४ चे १२८ केले. आता १२८ च्या पटीत १ मिळवून येणारे उमेदवार बघा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. पहिला, तिसरा आणि चौथा मूळच नाहीत. २५७ का गळतो ते मात्र बघण्यासारखं आहे. ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५, आपल्या संख्येहून फक्त २ ने कमी. दोन्हींना २५७ ने भाग गेला तर २ लाही जावा लागेल! म्हणजे प्रत्यक्ष भागाकार पहिल्यांदा करायचा तो ६४१ ने, आणि तो पूर्ण जातो.

खरं तर तोही करायची गरज नाही. ६४१ = ५·२^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा. पहिल्यावरून ५·२^७ ची बाकी −१, त्याचा चौथा घात केला की ५^४·२^२८ ची बाकी १. ५^४ च्या जागी −२^४ घाला, की −२^३२ ची बाकी १. झालं. असे सगळे आकडे मूळच असणार असं फर्माला वाटत होतं. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये हा अवयव दाखवला.

६७००४१७ मूळ आहे. तिचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, त्यामुळे तिथपर्यंतच्या, वरच्या १२८ च्या नियमात बसणाऱ्या मूळ संख्या, म्हणजे (२५७ आधीच गळल्यावर) ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढेच तपासायचे.

आणखी एक, मला आवडणारं: आपली संख्या ६५५३६² + १² आहे, तशीच ६२२६४² + २०४४९² ही आहे. मूळ संख्येला दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिता येत नाही, तेव्हा तेवढ्यावरही ती संयुक्त ठरते.

तुमची चाचणी फसली, कारण तिच्यात २ चा घात आपल्या संख्येहून १ ने कमी, म्हणजे २^३२ असतो, आणि २^३२ ला ६४ ने भाग जातो; २^६४ ची बाकी १, म्हणून याचीही १. पाया २ घेतलात तर प्रत्येक फर्मा संख्या पास होणारच. पाया ३ घ्या, लगेच नापास होईल. अर्थात नापास झाली म्हणून अवयव हाती लागतोच असं नाही. विसावी आणि चोविसावी फर्मा संख्या संयुक्त असल्याचं सिद्ध झालंय, पण त्यांचा एकही अवयव अजून सापडलेला नाही.