५ कॅरेटचा पाचू ५ कॅरेटच्या पुष्कराजापेक्षा मोठा कसा? वजनात फसवणूक झाली का?

नाही, निदान एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. तुम्ही लिहिलंय की दोन्ही नग एकाच दुकानातून घेतले, बिलावर दोन्हींचं वजन ५ कॅरेट आहे आणि पाचू नजरेत भरेल इतका मोठा आहे. तो मोठा असायलाच हवा. दोन्ही सारखे दिसले असते, तर मी आधी पुष्कराजावर संशय घेतला असता.

मी इंदूरच्या सराफ्यात नग तोलायला बसतो, त्यामुळे ही शंका नेहमी कानावर येते. कॅरेट हे वजन, आकाराशी त्याचा थेट संबंध नाही. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजे तुमचा प्रत्येक नग बरोबर १ ग्रॅमचा. पुष्कराजाची घनता ४ च्या आसपास (माणिक आणि नीलम यांचीही तेवढीच, कारण तिन्ही मुळात कुरुंद या एकाच खनिजाचे), तर पाचूची साधारण २.७२. तेवढ्याच वजनात पुष्कराज पाव घनसेंटिमीटर जागा घेतो आणि पाचू ०.३७, जवळजवळ दीडपट.

पण हा दीडपटीचा फरक लांबी, रुंदी, खोली अशा तिन्हींत वाटला जातो. घडाई सारखी असेल तर वरून बघताना पाचू १४ टक्क्यांच्या आसपासच रुंद दिसेल. तुमच्याकडे त्याहून बराच फरक असेल, तर पुष्कराज उलटा करून बघा. वजन राखायला कुरुंदाच्या नगांना खाली चांगलं जाड पोट ठेवतात. ते अंगठीत दिसत नाही, पैसे मात्र त्याचेही कॅरेटच्या भावाने मोजावे लागतात. माझ्या मते खरी नाराजी असायला हवी ती इथे.

आता पुष्कराजावर संशय का, ते सांगतो. त्याच्या नावाखाली ‘सुनेला’ नावाचा दुसराच पिवळा खडा खपवला जातो. तो स्फटिकाच्या (क्वार्ट्झच्या) जातीचा, घनता २.६५, म्हणून ५ कॅरेटचा सुनेला पाचूएवढाच, किंचित मोठाच भरतो. नग अजून सुटा असेल तर पाण्यात बुडवून तोलून घ्या. हवेत ५ कॅरेट भरणारा पुष्कराज पाण्यात ३.७५ भरतो, सुनेला ३.११ च्या आसपास आणि टोपाझ, म्हणजे आणखी एक वेगळा खडा, ३.५८. अंगठीत जडवल्यावर सोन्याचं वजन मध्ये येतं आणि हा हिशेब कामाचा राहत नाही. कारखान्यात बनवलेला पुष्कराजही ३.७५ च दाखवेल, त्याची घनता तीच असते. तो ओळखायला सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगशाळेचा दाखलाच लागतो.

रत्तीचा घोळ वेगळाच. गुरुजी सव्वापाच रत्ती सांगतात, पण नगाची रत्ती बाजारात साधारण १८२ मिलिग्रॅम धरतात आणि सोनाराची जुनी रत्ती सुमारे १२१.५. कॅरेटमध्ये पहिलीने ४.७८, दुसरीने ३.१९. बिल कॅरेटमध्येच मागा.

आणि दोन अंगठ्यांत सारख्या आकाराचे नग हवे असतील, तर दुकानदाराला कॅरेट सांगू नका, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये सांगा. जायचं ते दुपारी, सराफ्यात खाण्याचे ठेले लागायच्या आत. नग उन्हाच्या उजेडात बघायला मिळतो आणि दुकानदारालाही बोलायला सवड असते.