आंब्याखाली वाळा लावू का?

प्रश्न: पुण्यात आमच्या घरामागं आंब्याची दाट सावली आहे, लॉन दोनदा लावलं, दोनदा गेलं. आता आपलंच देशी गवत म्हणून वाळ्याचे ठोंब आणलेत. लावू का?

उत्तर: ताई, आंब्याखाली नको हो. वाळा पक्का उन्हातला, सावलीत लगेच मरत नाही पण पाती विरळ होतात, आडवा पडतो आणि मग तुम्ही म्हणणार गवतच बेकार. कंपाउंडकडे जिथं भरपूर ऊन येतं तिथं पावसाळ्याच्या तोंडाला लावा, दीड मीटरपर्यंत मस्त झुपका होतो. (माठात टाकायला मुळं हवीत तर अख्खा ठोंब उपटावा लागतो, तेव्हा मोह आवरा!)

सावलीसाठी ऑप्लिस्मेनस नावाचं गवत बघा. सह्याद्रीत पावसाळ्यात झाडांखाली आपोआप पसरलेलं असतं ते, पान थोडं बांबूसारखं, कडा लाटेसारख्या, आणि पेरांना मुळं फुटतात म्हणून नुसते तुकडे खोचले तरी लागतं. उन्हाळ्यात पाणी मात्र द्यायला लागेल. एकच वैताग, बी चिकट असतं, पँटला नाहीतर कुत्र्याला चिकटून थेट सोफ्यावर येतं, त्यामुळे तुरे दिसले की कापून टाका.