जुन्या टीव्ही गेमच्या रिमोटची दोन बटणं चालत नाहीत. नवा घ्यावा की दुरुस्त होईल?

दुरुस्त होईल, नवा इतक्यात घेऊ नका. पेडण्याच्या घरी माळ्यावर सापडलेल्या तुमच्या गेमचं 'ए' बटण आणि उजवा बाण मेलाय, बाकी सगळं चालतं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे वायर शाबूत आहे.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे मिळायचे ते बहुतेक टीव्ही गेम म्हणजे जपानात १९८३ साली आलेल्या निन्टेन्डो फॅमिकॉमच्या नकला. रिमोटवर बटणं आठ, पण त्यांची खबर नेणारी तार एकच. आत ४०२१ ही चिप (नकलांमध्ये बहुधा तिच्या जागी डांबरासारखा काळा ठिपका) आठही बटणं एकदम टिपून घेते आणि एकेक करून सांगते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. ती तार तुटली असती तर आठही गेली असती. क्लॉकची, म्हणजे चिपला 'आता पुढचं बटण सांग' असा इशारा देणारी तार तुटली तर आणखी गंमत: चिप पहिल्याच बटणावर अडून बसते आणि 'ए' दाबलं की सगळीच दाबल्यासारखा गोंधळ होऊ शकतो. तुमची दोनच गेलीत, तेव्हा घोळ त्या बटणांखालीच.

मागचे स्क्रू आपल्या हवेत गंजलेले असणारच. नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच घासून जाते. आत रबर दिसेल, त्याला खाली काळी कार्बनची टिकली. रबर बाजूला ठेवून गेम चालू करा आणि बोर्डावर 'ए'च्या जागचे दोन्ही पट्टे वायरच्या तुकड्याने क्षणभर जोडा. फक्त तेवढेच, दुसरीकडे कुठे टेकवू नका. बटण चाललं तर दोष रबराचा. नाही तर बोर्डाचा.

बोर्डावर नुसतं तांबं असेल तर कळंक चढलेला असतो, तो पेन्सिलच्या खोडरबराने जातो. पट्टे काळे असतील तर मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, बस. पॉलिश पेपर अजिबात नको. शाळेत असताना एका चवथीला सगळी भावंडं जमलेली असताना मी तो मारला आणि घाणीबरोबर कार्बनचा थरही खरवडून काढला. 'ए' कायमचं गेलं. मारिओची उडी 'ए'वरच, त्यामुळे विसर्जनापर्यंत तो पहिल्याच खड्ड्यात पडत राहिला आणि भावंडं माझ्याकडे बघत राहिली.

रबर झिजलं असेल तर टीव्हीच्या बंद पडलेल्या रिमोटमधली टिकली कापून चिकटवा. चांदीचा कागद लावतात काही जण. चालतो, पण लवकर सुटतो. काही जण रबर काढून टकटक वाजणारे छोटे स्विच डाग देऊन बसवतात. टिकाऊ असतात, पण अंगठ्याला तो जुना मऊपणा राहत नाही. मला नाही आवडत.

तरीही नवाच घ्यायचा झाला तर नऊ पिनांचा प्लग बसतोय म्हणून घेऊ नका. सेगा मेगा ड्राइव्ह या वेगळ्या गेमचा प्लगही तसाच दिसतो, आतली जोडणी वेगळी. नकलांमध्येही ती एकसारखी असेलच असं नाही.

आणि पावसाळ्यात रिमोट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. सुक्या सुंगटांचा डबा तेवढा नको.