'ॲक्शन' की 'मुक्तिसंग्राम'?

प्रश्न : निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्या १९४८च्या घटनेला आमची परभणीची आजी 'पोलीस ॲक्शन' म्हणायची. शाळेत 'मुक्तिसंग्राम' शिकलो. बरोबर शब्द कोणता?

दोन्ही. फक्त ते एकाच गोष्टीचे नाहीत. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ साली स्थापनेआधीच बंदी आली, तिथून पुढचे सत्याग्रह, तुरुंग, सरहद्दीवरचे कॅम्प हा सगळा मुक्तिसंग्राम. 'पोलीस ॲक्शन' म्हणजे शेवटचे पाच दिवस, १३ ते १७ सप्टेंबर १९४८.

गंमत म्हणजे त्यात पोलीस नव्हतेच. लष्कर होतं, रणगाडे होते, मोहिमेचं नाव 'ऑपरेशन पोलो'. पण निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेलेली. दिल्लीला 'युद्ध' म्हणणं परवडणारं नव्हतं. घरचा मामला, म्हणून 'पोलीस'. हा सरकारी शब्द वर्तमानपत्रांनी जसाच्या तसा छापला, आणि आपल्याकडे येता येता त्यातला 'पोलीस'ही गळाला. माझ्या जालन्याच्या आत्याला वय विचारलं की ती म्हणते, "ॲक्शन झाली तव्हा मी पाळण्यात होते."

त्याहून मजेदार प्रवास 'रझाकार'चा. उर्दूत अर्थ साधा, स्वयंसेवक. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकार संघटनेचा नेता कासीम रझवी, त्याच्या माणसांनी त्या शब्दाचं असं काही केलं, की टँकरवर दांडगाई करून आधी घागर लावणाऱ्याला आमच्या गल्लीत अजून ऐकावं लागतं, "रझाकारी लावली का रे?"

उर्दूत याच घटनेला तिसरं नाव आहे : 'सुकूत-ए-हैदराबाद', म्हणजे पाडाव. ॲक्शननंतर मुसलमानांच्या ज्या हत्या झाल्या त्यांची चौकशी सुंदरलाल समितीने केली, पण तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. तरी एवढ्यावरून उर्दू एकीकडे, मराठी दुसरीकडे अशी वाटणी मात्र करू नका. भारतात विलीन व्हा असं उर्दूतच लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत खून झाला, तो रझाकारांनीच केला.

लिहिताना तेवढं 'मुक्तिसंग्राम' लिहा, ति ऱ्हस्व. सुटा शब्द 'मुक्ती', पण समासात आधी आला की तत्सम शब्दाचा शेवट मूळचा ऱ्हस्वच राहतो. दर सतरा सप्टेंबरला आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर तो दीर्घ असतो, आणि फ्लेक्सवाला दरवर्षी जुनीच फाइल काढतो.